मोटारीचा दिवा आणि परतीची वाट

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जायला दोन वाटा आहेत. एक निवळीवरून आतल्या अंगाने जाणारी, दुसरी समुद्राच्या कडेने, आरे-वारेवरून जाणारी. आरे आणि वारे ही खरे तर दोन गावे, पण आपण त्यांची नावे एका दमात घेतो. डोंगराच्या अंगावरून रस्ता वळणे घेत चढतो, खाली पांढरी पुळण, सुरूचे बन आणि समोर पसरलेला समुद्र. दिवसा इथे गाडी थांबवल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. या रस्त्याचे रात्रीचे रूप मात्र फारसे कोणी सांगत नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला उतार, आणि पावसाळ्यात मध्येच येणारी आडवी सर. अशा वेळी वळणावर समोरून एकच दिवा येताना दिसतो. मोटारसायकल असेल, असे म्हणून आपण निर्धास्त राहतो. वळण संपता संपता ध्यानात येते की ती मोटारसायकल नाही, एक डोळा गेलेली मोटार आहे. आणि जो डोळा गेला आहे, तो नेमका आपल्या बाजूचा आहे.

गाडीवाल्याला विचारले तर तो म्हणेल, "बल्ब गेला असेल." हे उत्तर आपण सगळेच देतो. पण अनुभवी मोटार-वायरमनला विचारा. तो सांगेल, की दिवा लागत नाही म्हणजे बल्बच गेला असे नाही. कितीदा तरी बल्ब ठणठणीत असतो, बॅटरी भरलेली असते, बटणही चालू असते. आणि तरीही दिवा लागत नाही, किंवा काजव्यासारखा मिणमिणतो. मग वीज जाते कुठे? हा प्रश्न माणसाने गेली शंभर-सव्वाशे वर्षे मोटारीला विचारला आहे. दिव्यांचे शोध कोणी लावले, हे पुस्तकांत सापडते. दिवा का गेला हे शोधण्याची विद्या कशी घडली, हे मात्र सहसा कोणी लिहीत नाही. आज थोडे त्याविषयी बोलू.

मोटारीच्या आधी आपल्या रस्त्यांवर बैलगाडी होती. तिच्या खाली कंदील टांगलेला असे. तो गाडीवानाला वाट दिसावी म्हणून नव्हता. वाट बैलांनाही ठाऊक असे. समोरून आणि मागून येणाऱ्याला गाडी दिसावी, म्हणून तो कंदील होता. वाहनाच्या दिव्याची दोन कामे असतात, आपण दुसऱ्याला दिसणे आणि आपल्याला रस्ता दिसणे. यांतले पहिले काम आपण सहज विसरतो. म्हणून पुढचा दिवा गेला की आपण हळहळतो, आणि मागचा दिवा महिनोन् महिने बंद असला तरी आपल्याला पत्ता नसतो.

मुंबईत मोटारी आल्या त्या १८९८ च्या सुमारास. जमशेटजी टाटा हे त्या पहिल्या मोटारमालकांपैकी एक. त्या काळातल्या गाड्यांवर तेलाचे किंवा असिटिलीन वायूचे दिवे असत. असिटिलीनच्या दिव्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे घालायचे आणि त्यावर थेंब थेंब पाणी सोडायचे. त्यातून निघणारा वायू बारीक चोचीतून बाहेर पडे आणि लख्ख पांढऱ्या ज्योतीने जळे. रत्नागिरीकरांना कार्बाइड वेगळ्या कारणाने माहीत आहे. कायद्याने बंदी असूनही आंबा लवकर पिकवायला चोरून वापरतात, तोच हा पदार्थ. या दिव्याची देखभाल म्हणजे डोकेदुखी होती, पण त्याचा बिघाड शोधणे सोपे होते. चोच तुंबली तर ज्योत वाकडी होई, पाणी संपले तर विझे, नळी फाटली तर उग्र वास सुटे. बिघाड डोळ्यांना दिसत होता, नाकाला कळत होता.

मग वीज आली. १८९८ साली अमेरिकेतल्या कोलंबिया या बॅटरीवरच्या मोटारीत विजेचे दिवे दिले गेले. पण त्या वेळच्या बल्बमधली तार नाजूक होती, खडबडीत रस्त्यावर धक्क्यांनी तुटे. आणि पुरेशी वीज देईल असा लहान डायनॅमोही हाताशी नव्हता. दहा वर्षांनी, १९०८ मध्ये, पीअरलेस या अमेरिकी कंपनीने विजेचे दिवे आपल्या मोटारींवर नेहमीचे म्हणून बसवले. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी स्टार्टर, इग्निशन आणि दिवे यांची एकत्र व्यवस्था बांधली. १९१३ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने दिवा, डायनॅमो आणि रेग्युलेटर असा जोडसंच बाजारात आणला. तेलवात, खडे, पाणी यांची कटकट संपली. बटण दाबले की उजेड!

पण या सोयीबरोबर एक गोष्ट हातची गेली. बिघाड दिसेनासा झाला. वीज तारेतून जाते आहे की नाही, हे तारेकडे पाहून कळत नाही, वासाने कळत नाही. बिघाड आता तर्काने शोधायचा होता. घोडागाडी सांभाळणाऱ्या किंवा सायकली दुरुस्त करणाऱ्या कारागिराला एकदम नवी विद्या शिकावी लागली. तिचा पाया १८२७ सालीच घातला गेला होता. जर्मन शिक्षक गेओर्ग ओहम यांनी त्या वर्षी विजेचा दाब, प्रवाह आणि अडथळा यांचा परस्परसंबंध छापून प्रसिद्ध केला. शाळेत आपण तो पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. मोटार-वायरमन तो पाठ करत नाही, पण रोज वापरतो.

या विद्येतली पहिली अडचण ही, की विजेला वर्तुळ पूर्ण करावे लागते. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून जाऊन परत बॅटरीत पोचली पाहिजे. परतीची वाट नसेल तर ती निघतच नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांत प्रत्येक दिव्याला दोन तारा असत, एक जाण्याची आणि एक येण्याची. पुढे बनवणाऱ्यांनी हिशेब केला. गाडीचा सांगाडा लोखंडाचाच आहे, मग परतीची तार कशाला? बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडा, प्रत्येक दिव्याचे एक टोकही सांगाड्याला जोडा. तांबे वाचले, खर्च वाचला. या परतीच्या जोडणीला आपले मेस्त्री 'अर्थ' किंवा 'बॉडी अर्थ' म्हणतात. "अर्थ मिळत नाही" हे वाक्य कुठल्याही गॅरेजात कानावर पडते. या बचतीमुळे एक गोष्ट झाली. जाण्याच्या वाटेवर रंगीत तार, फ्यूज, बटण असे सगळे शोधण्याजोगे राहिले. परतीची वाट मात्र पत्रा, स्क्रू आणि वायसर यांच्या भरवशावर सोडली गेली. ती नकाशात एका लहानशा खुणेपुरती उरली.

आणि हाच भरवसा कोकणच्या किनाऱ्यावर सर्वांत आधी तुटतो. त्याचे कारण १८०० सालच्या एका प्रयोगात आहे. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद ठेवला आणि वीज निर्माण केली. जगातली ती पहिली बॅटरी. आता मोटारीच्या दिव्यामागे पाहा. तांब्याची तार, पितळेचा लग, लोखंडाचा पत्रा, आणि वर समुद्रावरून आलेले खारे तुषार. प्रत्येक सांधा ही व्होल्टाची एक लहानशी बॅटरीच झाली, फक्त नको तिथे. अशा जोडीत एक धातू दुसऱ्याच्या पायी झिजतो. इथे झिजते ते बहुधा लोखंड. पत्र्यावर गंज धरतो, तांब्यापितळेवर हिरवे थर चढतात. जुन्या पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यातले ताक कळकते, हे आपल्या आज्या सांगत. दिव्याच्या होल्डरमध्ये साठतो तो याच जातीचा कळक. त्यावरचा उपायही एकाच धातूचा: भांड्याला कथलाची कल्हई, आणि तारेच्या टोकाला कथील मिसळलेल्या सोल्डरचा डाग.

कोणी म्हणेल, पाऊस तर घाटावरही पडतो. पडतो, पण तो पडून जातो आणि वाळतो. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तो बहुतेक चार महिन्यांत. त्याहून महत्त्वाची गोष्ट मिठाची आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ते यामुळेच. म्हणजे आरे-वारेसारख्या रस्त्यावर सांध्यात मीठ शिरले, की पाऊस उघडला तरी तो सांधा ओलाच राहतो. पुळणीवर गाडी उतरवण्याची हौस भागवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. चाकाला लागलेली वाळू धुऊन जाते, लगमध्ये शिरलेले खारे पाणी जात नाही.

जगातही याचा अनुभव आला. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लुकस यांनी एकोणिसाव्या शतकात आधी तेलाचे, मग जहाजांचे आणि सायकलींचे दिवे विकून व्यवसाय उभा केला. पुढे ब्रिटिश मोटारींच्या विजेच्या सामानात लुकस हे नाव अग्रगण्य झाले. पण या गाड्यांचे दिवे इतक्यांदा दगा देत, की गाडीशौकिनांनी लुकस यांना 'अंधाराचा राजपुत्र' अशी गमतीची पदवी दिली. विनोद बाजूला ठेवून पाहिले तर त्या गाड्यांतल्या अनेक तक्रारी सांध्यांच्याच होत्या. तारा एकमेकींत खुपसून बसवलेल्या गोळीच्या आकाराच्या जोडांनी जोडलेल्या असत, आणि दमट हवेत ते जोड आतून गंजत. दिवा बनवणारा बदनाम झाला, खरा गुन्हेगार सांध्यात लपून राहिला. याच लुकसच्या भागीदारीत १९६१ साली मद्रासला लुकास-टीव्हीएस ही कंपनी स्थापन झाली, आणि भारतीय गाड्यांचे डायनॅमो-स्टार्टर इथे बनू लागले.

महाराष्ट्रात ही विद्या गावोगाव पसरायला कारण झाली ती प्रवासी वाहतूक. आधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली आणि पुढे एसटीचे जाळे कोकणातही विणले गेले. रातराणीचा दिवा घाटात गेला तर डेपोपर्यंत थांबता येत नाही. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, बाहेर पडू लागली. उत्तरपाऱ्याहून अ‍ॅम्बॅसिडर आली. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ बॅटरी चार्जिंगचे दुकान आणि त्याला लागून वायरमनची टपरी दिसू लागली.

या वायरमनचे मुख्य हत्यार फार साधे होते. एक बल्ब, त्याला दोन तारा, एका टोकाला चिमटा आणि दुसऱ्याला सुई. याला टेस्ट लॅम्प म्हणतात. चिमटा बॉडीला लावायचा आणि सुई टोचत जायचे. जिथवर बल्ब पेटतो तिथवर वीज आली आहे. १९२३ साली ब्रिटिश टपाल खात्यातले अभियंते डोनाल्ड मॅकाडी यांनी अ‍ॅम्पिअर, व्होल्ट आणि ओहम ही तिन्ही मापे एकाच यंत्रावर घेणारा 'अ‍ॅव्हो' मीटर तयार करवला. आजचे मल्टिमीटर त्याच कुळातले. पण टपरीवर मीटर येईपर्यंत पुष्कळ वर्षे गेली, आणि टेस्ट लॅम्पने त्या वर्षांत काम भागवले.

टेस्ट लॅम्पचा एक गुण पुढच्या पिढीच्या लक्षात उशिरा आला. आजचा डिजिटल मीटर वीज जवळजवळ खातच नाही. समजा, तारेचे सगळे पदर तुटून एकच केसाएवढा पदर शिल्लक आहे. मीटर लावला तर पूर्ण बारा व्होल्ट दिसतील आणि आपण म्हणू, तार चांगली आहे. पण त्या पदरातून दिव्याला लागणारा प्रवाह गेला, की दाब कोसळतो. टेस्ट लॅम्प स्वतः थोडी वीज खातो, म्हणून त्याला अशी थाप सहज मारता येत नाही. यावरून जाणत्यांनी एक नियम काढला. मोजायचे ते दिवा चालू ठेवून मोजायचे. बंद दिव्याच्या तारेवरचे बारा व्होल्ट म्हणजे बँकेच्या पासबुकातला आकडा. तो खरा किती, हे पैसे काढायला गेल्यावर कळते.

थोडा हिशेब करू. बारा व्होल्टवर ५५ वॅटचा दिवा सुमारे साडेचार अ‍ॅम्पिअर घेतो. सांध्यात अर्धा ओहम अडथळा आला, म्हणजे हाताला जाणवणारही नाही एवढा, तर दोन व्होल्टच्या आसपास दाब तिथेच खर्ची पडतो. उजेड मात्र त्याच प्रमाणात नव्हे, त्याहून फार वेगाने घटतो. तारेच्या बल्बला दाब दहा टक्के कमी मिळाला, तर उजेड जवळजवळ तीस टक्के कमी होतो. म्हणजे हा दोन व्होल्टचा सांधा निम्म्याच्या आसपास उजेड खाऊन टाकतो. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांत तर तेवढ्याच वॅटच्या दिव्याला दुप्पट प्रवाह लागे, आणि तोच सांधा प्रमाणात चौपट नुकसान करी. जगभर सहा व्होल्ट मागे पडून बारा व्होल्ट आले, त्यामागच्या कारणांत हेही एक आहे. आपल्याकडच्या जुन्या स्कूटरींवर सहा व्होल्ट बरीच वर्षे टिकले. रेस वाढवली की दिवा उजळे आणि सोडली की मंदावे, हे अनेकांना आठवत असेल.

आता परतीची वाट तुटल्याची लक्षणे पाहू. ती मोठी चमत्कारिक असतात. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो. इंडिकेटर दिला की मागचे पार्किंगचे दिवे त्याच्या तालावर लुकलुकतात. पुढचा डीपर लावला की दिवा मिणमिणतो, आणि डॅशबोर्डवरची अप्परची निळी खूण उगाच अंधूक उजळते. नवखा माणूस म्हणतो, तारा एकमेकींना चिकटल्या. जाणता आधी म्हणतो, अर्थ बघा. आपल्या पोफळीच्या बागेतला पाट आठवा. पाणी पुढे जायची वाट पालापाचोळ्याने तुंबली, की ते थांबत नाही. शेजारच्या आळ्यात शिरते आणि तिथून वाट काढते. विजेचेही तसेच. आपली परतीची वाट बंद झाली, की ती शेजारच्या बल्बमधून उलटी शिरते आणि त्याच्या वाटेने घरी जाते. म्हणून नको तो दिवा मंद पेटतो. ज्याच्यात दोष दिसतो तो दिवा निर्दोष असतो.

म्हणूनच या विद्येचे सार हत्यारात नाही, प्रश्नांच्या क्रमात आहे. एकच दिवा गेला की दोन्ही? दोन्ही गेले तर दोन्हींना सामाईक काय आहे ते पाहा, बटण, रिले किंवा मुख्य तार. एकच गेला तर त्याचा स्वतःचा फ्यूज, बल्ब, होल्डर आणि अर्थ. अप्पर लागतो आणि डीपर लागत नाही? हा दोन तारांचा बल्ब १९२० च्या दशकाच्या मध्यात युरोपात आला, आणि त्याने मेस्त्रीला एक फुकटची साक्ष दिली. दोन्ही तारांचा अर्थ एकच असतो. अप्पर लख्ख लागत असेल तर अर्थ ठीक आहे. दोष डीपरच्या तारेत, फ्यूजमध्ये किंवा बटणात आहे. हे सगळे एकही स्क्रू न खोलता कळले. मग दिवा चालू ठेवून मीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थ-टोकाला आणि दुसरे दिव्याच्या अर्थाला लावायचे. आकडा शून्याच्या जवळ हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर परतीच्या वाटेवर सापडला. पुष्कळदा उपाय काय असतो? स्क्रू सोडवा, काचकागदाने पत्रा आणि लग चकचकीत घासा, पुन्हा घट्ट आवळा, वर थोडे ग्रीस किंवा व्हॅसलीन लावा.

फ्यूज हाही असाच साक्षीदार. फियाटमध्ये चिनीमातीच्या कांडीवर धातूची पट्टी असलेले फ्यूज असत. त्यांच्या टोकांवर गंज धरला, की नुसते बोटाने फिरवले तरी दिवा लागे. पुढे पात्याचे प्लास्टिकचे फ्यूज आले, लाल दहा अ‍ॅम्पिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो सांगतो आहे, की पुढे कुठेतरी तार पत्र्याला घासते आहे. आपण काय करतो? जाड तार गुंडाळतो किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावतो. साक्षीदाराचे तोंड बंद होते, पण ती तार आतल्या आत तापत राहते. मोटारींना आग लागते त्याला हाही एक मार्ग आहे.

काळ पुढे गेला. १९६० च्या दशकात युरोपात हॅलोजन दिवे आले, २००७ पासून मोटारींच्या पुढच्या दिव्यांत एलईडी येऊ लागले. १९८६ मध्ये बॉशने गाडीतल्या उपकरणांनी एकाच तारजोडीवरून परस्परांशी बोलण्याची 'कॅन' नावाची पद्धत जाहीर केली. आज अनेक गाड्यांत आपण दिव्याचे बटण दाबतो तेव्हा दिव्याला वीज देत नाही. एका संगणकाला निरोप देतो, आणि तो वीज सोडतो. दिव्याने नेहमीपेक्षा कमी प्रवाह घेतला, तर संगणक बल्ब गेल्याची सूचना दाखवतो. अशा गाडीत जुन्या बल्बच्या जागी बाजारातला कमी वीज खाणारा एलईडी बसवला, तर दिवा लागलेला असूनही सूचना येते, कधी दिवा फडफडतो. आणि जिथे तिथे सुई टोचण्याची जुनी सवय इथे घातक ठरू शकते. एअरबॅगच्या तारांना टेस्ट लॅम्प लावणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

भारतात नव्या मोटारींना स्वतःचे दोष नोंदवणारी यंत्रणा २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. ती मुळात धुरावर लक्ष ठेवण्यासाठी. पण तिच्यामुळे स्कॅनर गॅरेजोगॅरेजी पोचला, आणि कंपन्यांच्या स्कॅनरवर दिव्यांचे दोषही दिसू लागले. स्कॅनर जोडला की पडद्यावर उमटते, 'उजव्या दिव्याच्या सर्किटमध्ये दोष'. इथेच सावध राहायला हवे. स्कॅनर दिवा बदला असे म्हणत नाही, सर्किट म्हणतो. सर्किट म्हणजे पूर्ण वर्तुळ, त्यात तो जुना स्क्रू आणि गंजलेला पत्राही आला. पूर्वी चुकीचे निदान झाले तर एका बल्बचे पैसे वाया जात. आता अनेक गाड्यांत दिवा अख्खा बंदिस्त असतो, बदलायचा तर हजारो रुपये मोजावे लागतात. आणि नवा दिवा त्याच गंजलेल्या अर्थावर बसवला, तर पुढच्या पावसाळ्यात तोही मिणमिणणार. यंत्रे शहाणी झाली म्हणून प्रश्नांचा क्रम विसरणे आता जास्त महागात पडते.

म्हणून या विद्येची कदर व्हावी असे वाटते. १९५० साली देशात कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आयटीआयमधून मोटारविजेचे काम शिकवले जाऊ लागले. आज तिथे शिकणाऱ्या मुलांनी स्कॅनर शिकलाच पाहिजे. पण त्याच्या जोडीने किनाऱ्यावरच्या टपरीत तीस-चाळीस पावसाळे काढलेल्या वायरमनच्या शेजारी बसून, तो आधी काय पाहतो आणि नंतर काय, हेही टिपून घेतले पाहिजे. तो लिहून ठेवत नाही. त्याच्याबरोबर ते जाईल.

आणि आपण गाडी चालवणाऱ्यांनी काय करावे? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत दिवे लावणे त्यांनी बंधनकारक केले आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा तर इंजिन चालू असेपर्यंत आपोआप चालूच राहतो. रस्त्यावर एकट्या दिव्यांची गर्दी वाढली, म्हणून एका डोळ्याची मोटार आता अधिकच फसवी झाली आहे. गणपतीला किंवा सुटीत किनाऱ्याच्या रस्त्याला लागण्यापूर्वी संध्याकाळी गाडी भिंतीला पाठ करून उभी करावी. ब्रेक दाबावा, इंडिकेटर द्यावा, भिंतीवर उमटणारा लाल-पिवळा उजेड आरशात पाहावा. मग गाडी वळवून डीपर आणि अप्पर पाहावेत. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आहे ना? एक पिवळट आणि मंद असेल तर बल्ब मागण्याआधी मेस्त्रीला एकच वाक्य सांगावे, "आधी अर्थ तपासा." या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि खर्च काही येत नाही. वळणापलीकडून येणारा माणूस आपल्याला ओळखत नाही. आपल्या गाडीची रुंदी त्याला सांगायला आपल्याजवळ दोन दिव्यांखेरीज काही नसते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)